व्हॅलेहो मॉडेल कलर ऑफ-व्हाइट: पांढऱ्या गणवेशांसाठी

नेपोलियनकालीन ऑस्ट्रियन पायदळाचे पांढरे कोट १५ मिमीच्या छोट्या सैनिक-पुतळ्यांवर रंगवायला व्हॅलेहो कंपनीचा हा ॲक्रिलिक रंग शुद्ध पांढऱ्यापेक्षा कितीतरी सरस. शुद्ध पांढरा थेट लावला की घड्या सपाट दिसतात आणि उजळ कडांसाठी काहीच उरत नाही.

आधी फिकट राखाडीचा हात द्या. वाळल्यावर दोन भाग रंगात एक भाग पाणी घालून ऑफ-व्हाइटचे दोन पातळ हात, खोलगट घड्या सोडून. पहिला ओला असताना दुसरा दिला तर खालचा रंग उचलला जातो. जाड दिला तर खडूसारखा दिसतो. शुद्ध पांढरा फक्त खांदे, कोपर, गुडघ्यांवर.

छातीवरचे पांढरे पट्टे कोटात हरवतात, म्हणून कडेला राखाडी-तपकिरी बारीक रेघ हवीच. काळी रेघ इतक्या लहान आकारात फार भडक वाटते.