आधी स्कॅनिंग की आधी रेकॉर्ड रूम? नाशिक जिल्ह्यातल्या नगरपंचायती, ग्रामपंचायतींसाठी

रेकॉर्डसाठी थोडाफार निधी आलाय आणि स्कॅनिंग एजन्सीवाले रोज ऑफिसला चकरा मारतायत, अशांसाठी लिहितोय. पर्याय तीन आहेत. आहे ती रेकॉर्ड रूम नीट लावायची, म्हणजे रॅक किंवा कॉम्पॅक्टर (रुळावर सरकणारी कपाटं) बसवून सहा गठ्ठा पद्धतीने, म्हणजे टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत वेगळे करून, वर्गीकरण करायचं. नाहीतर सरळ सगळं स्कॅन करून सॉफ्टवेअरमधे टाकायचं. किंवा खासगी गोडाऊनमधे खोकी ठेवून महिन्याचं भाडं भरायचं. माझं मत आधीच सांगतो, पहिलं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका, आणि तिसरं लहान संस्थेनी करूच नये.

कारण साधं आहे. कुठला कागद किती वर्षं जपायचा याचे वर्ग, अ वर्ग कायम, ब ३० वर्षं, क १० वर्षं, ड १ वर्ष हे सगळ्यांना पाठ असतं पण गठ्ठे तसे लावलेले नसतात, मग स्कॅनिंगला दिलं की अ वर्गाच्या रजिस्टरसोबत कधीच नष्ट करायला हवे होते ते ड वर्गाचे कागदही स्कॅन होतात आणि प्रत्येक पानाचे पैसे जातात. एजन्सीचा रेट पानावर असतो, ती कशाला सांगेल हे काढून टाका म्हणून. शिवाय स्कॅन झालं म्हणजे मूळ फाइल रद्दीत घालता येते असं अनेकांना वाटतं, ते अजिबात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मधे पद्धत सोडून रेकॉर्ड नष्ट केलं तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणजे स्कॅनिंग केलं तरी जागेचा प्रश्न तिथेच राहतो.

आता कुणबी नोंदींचं बघा. मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायला २०२३ मधे न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि नाशिकसकट सगळीकडे जुनी दप्तरं उघडली, कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही), जन्ममृत्यूची रजिस्टरं, शाळांची प्रवेश रजिस्टरं, कितीतरी नोंदी मोडीत. तिथे कामाला आलं काय, तर जपलेला कागद, कोणत्या गावाचं कोणतं वर्ष कुठल्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) आहे हे सांगणारी यादी, आणि मोडी वाचणारा माणूस. नुसता फाइल नंबर टाकून स्कॅन केलेलं रजिस्टर सर्च केलं तर नाव सापडत नाही, हाताने लिहिलेली जुनी मोडी कॉम्प्युटरला भरवशाने वाचता येत नाही. एखाद्या घरातल्या पोराचा दाखला त्या एका ओळीवर अडकलेला असतो हो, म्हणून एवढं जीव तोडून सांगतोय.

पण स्कॅनिंगला नावं ठेवायची नाहीयेत. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडचा पाऊस माहितीये, भिंतीला ओल, त्यात वाळवी. शहरात २ ऑगस्ट २०१६ ला गोदावरीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, तळमजल्यावर रेकॉर्ड ठेवणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. मंत्रालयाला २१ जून २०१२ ला आग लागली तेव्हा काय गेलं तेही सगळ्यांनी बघितलं. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत असणं ही गोष्ट नुसती रेकॉर्ड रूम देऊच शकत नाही. आणि माहिती अधिकारात ३० दिवसात माहिती द्यायची, उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि ते माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरांच्या कर आकारणीचा उतारा), बांधकाम परवानग्या, जन्ममृत्यू, सभेचे ठराव, हे रोज मागितलं जातं. एवढंच आधी स्कॅन करा, बाकीचं नंतर.

कोर्टात मात्र मूळ कागदाचं वजन वेगळंच. स्कॅन द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसकट (फाइल बदलली नाही हे दाखवणारा कोड), आणि ते द्यायची तयारी आपल्या किती ऑफिसात आहे ते आपल्याला माहिती आहे.

गोडाऊनचं थोडक्यात. महापालिकेसारख्या सहा विभागांच्या संस्थेला ब आणि क वर्गासाठी विचार करता येईल, तेही राज्यातच, बाहेर न्यायला सरकारची आधी परवानगी लागते. ग्रामपंचायतीत भाऊसाहेब (ग्रामसेवक) एक आणि गावं दोन, त्यांनी खोकं मागवायचं कधी?

नाशिक अन त्र्यंबकवाल्यांसाठी एक खास मुद्दा. सिंहस्थ १२ वर्षांनी येतो आणि क वर्ग १० वर्षात संपतो. म्हणजे २०१५ च्या कामांची एखादी फाइल क मधे पडली असेल तर २०२७ ची तयारी ऐन भरात असताना ती नियमानेच नष्ट होऊ शकते. जागा, पाणी, तात्पुरते रस्ते, शौचालयं यांच्या फाइली आत्ताच वेगळ्या काढा, टिपणी टाकून ब मधे घ्या.

स्कॅनिंग करायचंच ठरलं तर टेंडरमधे एवढं घाला: काम आपल्याच ऑफिसात, गठ्ठा बाहेर जाणार नाही. ३०० डीपीआय (स्कॅनची स्पष्टता), पीडीएफ-ए फॉरमॅट (फाइल वर्षानुवर्षं उघडावी म्हणून केलेला पीडीएफ). गाव, वर्ष, विषय, नाव असा इंडेक्स, नुसता नंबर नाही. आपल्या माणसाने पानं तपासल्याशिवाय बिल नाही. आणि सगळा डेटा आपल्या हार्डडिस्कवर दोन प्रतीत, म्हणजे उद्या त्यांचं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी फाइल उघडेल. हे शेवटचं कलम काढून टाकायला कोणी सांगितलं तर त्या एजन्सीला काम देऊ नका.

नष्ट करायच्या यादीवर सही करण्याआधी कोर्ट केस, ऑडिट पॅरा (लेखापरीक्षणातला आक्षेप), माहिती अधिकाराचं अपील चालू आहे का ते टेबलनिहाय विचारा, चालू असेल तर मुदत संपली तरी फाइल बाजूला. आणि गठ्ठे उघडायचं काम दिवाळी ते मे मधेच उरका, पावसाळी हवेत सुटे केलेले कागद लगेच ओल धरतात.