ड्रोनची बॅटरी: व्होल्टेज पाहावे, एमएएच मोजावेत की स्मार्ट बॅटरी घ्यावी?

ड्रोन घेताना किंवा बांधताना कॅमेरा आणि रेंज यांवर भरपूर चर्चा होते. उडताना बॅटरी किती उरली हे ड्रोनला कशावरून कळते आणि कळल्यावर तो काय करतो, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते हाच प्रश्न आधी सोडवावा, कारण मल्टिरोटरची (अनेक पंख्यांच्या ड्रोनची) वीज संपली की तो दगडासारखा खाली येतो.

फक्त व्होल्टेज

हा सर्वांत स्वस्त मार्ग. लायपोचा (ड्रोनमधल्या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३.० च्या खाली गेला की त्याचे कायमचे नुकसान होते. बीटाफ्लाइट हे ड्रोन चालवणारे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये सेलमागे ३.५ व्होल्टला इशारा देते, ३.३ ला उतरायला सांगते. ऐकायला सोपे वाटते, पण मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज फारसे हलतच नाही आणि थ्रॉटल दिला (मोटरची ताकद वाढवली) की ते एकदम बसते.

हे बसणे किती असते ते पाहा. सेलचा अंतर्गत रोध ५ मिलिओहम असेल आणि ३० अँपिअर करंट ओढला, तर सेलचे व्होल्टेज ०.१५ ने उतरते. तोच पॅक (सेल जोडून केलेली बॅटरी) जुना होऊन रोध १५ मिलिओहमवर गेला की उतार ०.४५ व्होल्टचा होतो. म्हणजे जमिनीवर ३.८ दाखवणारा, जवळपास निम्मा भरलेला सेल हवेत ३.३५ दाखवेल. थंडीत रोध आणखी वाढतो. आर्डुपायलट या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच व्होल्टेज सलग १० सेकंद मर्यादेखाली राहिले तरच फेलसेफ (आपोआप परतणे किंवा उतरणे) लागतो; हा वेळ बदलता येतो.

तरीही व्होल्टेजला मी कमी लेखणार नाही. पॅक थकला असेल तर ते व्होल्टेजमध्येच आधी दिसते. आत चार्ज असूनही पॅक मोटरना ताकद देऊ शकत नसेल, तर तो चार्ज उड्डाणाच्या कामाचा नाही.

एमएएच मोजणे

करंट सेन्सर लावला की किती चार्ज खर्च झाला याची एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तासांत) बेरीज होत राहते. थ्रॉटलने हा आकडा गडबडत नाही, त्यामुळे लांबच्या मोहिमेचे नियोजन याच्यावर छान जमते. धोका आहे तो सुरुवातीच्या गृहीतकात. साधा करंट सेन्सर असला की आर्डुपायलट प्रत्येक वेळी पॅक भरलेलाच धरतो. ५००० एमएएचचा पॅक आहे आणि १००० उरले की परत फिरायचे असे ठरवले आहे, समजा. निम्मा वापरलेला पॅक चुकून लावला, तर ४००० खर्च होईपर्यंत इशारा येणार नाही आणि आत आहेत फक्त २५००. जुन्या पॅकची खरी क्षमता ४००० वर आली असेल, तर इशारा नेमका शून्यावर येईल. पॅकवर छापलेला आकडा हा नव्या पॅकचा असतो, हे विसरू नये.

सेन्सर बरोबर मोजतो का, हे तपासणे सोपे आहे: उड्डाणानंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते लॉगमधल्या (ड्रोनने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीतल्या) आकड्याशी ताडून पाहा आणि फरक असेल तर सेटिंगमधला सेन्सरचा गुणक बदला.

स्मार्ट बॅटरी

इथे पॅकमधलीच चिप प्रत्येक सेलचे व्होल्टेज, तापमान, चार्ज सायकल आणि खरी उरलेली क्षमता यांची नोंद ठेवते. मला यातले सेलनिहाय वाचन सर्वांत मोलाचे वाटते. चार सेलच्या पॅकचे एकूण व्होल्टेज १४.४ असेल तर सरासरी ३.६ येते, म्हणजे सारे ठीक. प्रत्यक्षात तीन सेल ३.७ वर आणि एक ३.३ वर असू शकतो. तो एक सेल आधी कोसळणार आणि एकूण आकड्यावरून त्याचा पत्ताही लागणार नाही. डीजेआय या कंपनीचे अनेक ड्रोन तर घरापर्यंतचे अंतर धरून परतण्याची वेळ स्वतः ठरवतात. बदल्यात पॅक महाग पडतो, त्याच कंपनीचा घ्यावा लागतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ड्रोन उतरायला लागला की ते रद्द करता येत नाही.

इशारा मिळाल्यावर काय?

पीएक्स-४ या ड्रोनच्या सॉफ्टवेअरमध्ये उरलेल्या चार्जचे १५, ७ आणि ५ टक्के असे तीन टप्पे आहेत, पण मूळ सेटिंगमध्ये तो नुसता इशारा देतो; परत फिरणे किंवा उतरणे तुम्हालाच निवडावे लागते. सगळ्या टप्प्यांना घरी परतणे लावू नका. आर्डुपायलटचा कॉप्टर परतताना कमी उंचीवर असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे आधी १५ मीटरवर चढतो, आणि चढताना करंट वाढतो. समोरून वारा असेल तर आणखी खर्च. पहिल्या टप्प्याला परतणे, शेवटच्याला आहे तिथेच उतरणे, हे मला पटते. पाण्यावर उडवणाऱ्यांनी मात्र पहिला टप्पा बराच वर ठेवावा, कारण तिथे जागच्या जागी उतरणे म्हणजे ड्रोन गमावणेच.

सेटिंगमध्ये हात घालायची इच्छा नसेल तर स्मार्ट बॅटरीचा ड्रोन घ्या. स्वतः बांधत असाल तर करंट सेन्सरचे पैसे वाचवू नका: परतण्यासाठी एमएएच आणि उतरण्यासाठी व्होल्टेज, असे दोन्ही लावा. शिवाय प्रत्येक पॅक जोडण्याआधी चेकरने (व्होल्टेज दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) सेलनिहाय तपासा. फक्त व्होल्टेज हे नजरेसमोर, काही मिनिटे उडणाऱ्या छोट्या ड्रोनपुरते ठीक आहे.

नव्या सेटिंगची चाचणी भरलेल्या पॅकवर, मोकळ्या मैदानात करा. ड्रोन जवळच हवेत स्थिर असताना ग्राउंड स्टेशनवरून (ड्रोनशी जोडलेल्या लॅपटॉप किंवा फोनवरच्या ॲपवरून) पहिल्या टप्प्याची व्होल्टेज मर्यादा चालू व्होल्टेजच्या थोडी वर न्या. ठरलेल्या सेकंदांनंतर तो स्वतःहून परतायला लागला पाहिजे. नाही लागला तर उतरवा, आणि कारण सापडेपर्यंत लांब पाठवू नका.