जुन्या इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक: अधिकृत सर्व्हिस सेंटर की ओळखीचे गॅरेज?

टाटा नेक्सॉनची पहिली इलेक्ट्रिक आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिच्या बॅटरी आणि मोटरवर आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. ब्रेकच्या झिजणाऱ्या भागांचा खर्च मात्र मालकालाच करावा लागतो. म्हणूनच, ब्रेकच्या कामासाठी सर्व्हिस सेंटरचे दर मोजावेत की पेट्रोल गाड्यांवर हात बसलेल्या गॅरेजवाल्याकडे जावे, हा प्रश्न जुन्या गाडीच्या मालकापुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर बिघाडाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच जनरेटर होऊन करते, त्यामुळे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून ब्रेक लावणारे पॅड फार काळ टिकतात. परंतु न वापरल्यामुळे डिस्कवर गंज चढतो, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना जाम होतात आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजतो. रत्नागिरी-मालवणसारख्या किनाऱ्यावर, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, हे लवकर घडते. चाक न काढता बाहेरून पॅडची जाडी पाहून 'ब्रेक ठीक' असा शेरा जॉब कार्डवर पडत असेल, तर त्या तपासणीला फारसा अर्थ नाही, मग ती कोठेही झालेली असो.

कॅलिपर उघडून पिना साफ करणे, त्यांना उष्णता सोसणारे योग्य ग्रीस लावणे, मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममधली धूळ काढणे, ड्रमला आतून घासणारे लायनर तपासणे आणि ते दाबणाऱ्या व्हील सिलिंडरची गळती पाहणे ही कामे पूर्णपणे यांत्रिक असून चांगला गॅरेजवाला ती उत्तम करतो. माझ्या मते येथे तोच सरस ठरतो, कारण आपण शेजारी उभे राहून पिन हाताने सरकते की नाही हे पाहू शकतो. (मागे ड्रम आहेत म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, फोक्सवॅगनने आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीतही मागे ड्रमच दिले आहेत.) एवढे मात्र त्याला आधीच बजावावे की, नारिंगी आवरणाच्या केबल उच्च विद्युतदाबाच्या असल्याने त्यांना हात लावायचा नाही आणि जॅक बॅटरीच्या तळाला न टेकवता ठरलेल्या जागीच लावायचा.

ब्रेक ऑइलच्या बाबतीत पारडे थोडे सर्व्हिस सेंटरकडे झुकते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते; डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शिरल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. महाबळेश्वरला बॅटरी पूर्ण चार्ज करून लगेच आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरू लागल्यास भरलेली बॅटरी मोटरने निर्माण केलेली वीज फारशी घेऊ शकत नाही, आणि एरवी निवांत असलेल्या ब्रेकवर सगळा भार येतो. जुने ऑइल अशा वेळी उकळले, तर पेडल तळाला जाते. दोन वर्षांनी ऑइल बदलणे गॅरेजमध्येही जमते. पण एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढण्यासाठी बहुधा त्या गाडीला जुळणारा स्कॅनर लागतो आणि तो सर्वांकडे नसतो.

एबीएसचा दिवा लागणे किंवा पेडल एकाएकी दगडासारखे कडक होणे, या तक्रारी घेऊन थेट सर्व्हिस सेंटरलाच जावे. तेथेही महागडे सुटे भाग बदलण्यास होकार देण्यापूर्वी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासून घेण्याचा आग्रह धरावा, कारण ती अशक्त झाली की एकाच वेळी अनेक दिवे लागतात. शिवाय, मुख्य बॅटरीची वॉरंटी शिल्लक असेपर्यंत वेळापत्रकातील सर्व्हिसिंग तेथेच करून नोंद ठेवणे शहाणपणाचे आहे.

गंजलेल्या डिस्कचा निर्णय मात्र घाईने घेऊ नये. गंज वरवरचा असेल, तर मोकळ्या, सपाट रस्त्यावर मागेपुढे कोणी नसताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून काही वेळा नीट ब्रेक लावावेत. मोटरची मदत नसल्याने पॅडच तो घासून काढतात. खोल चर पडले असतील, तर लेथवर डिस्क घासून घेता येते, पण तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जायचे नाही. त्यापुढे नवी डिस्क घेणेच भाग आहे, आणि ती दोन्ही पुढच्या चाकांना, नव्या पॅडसह बसवावी.