रेप पॉइंट बघून यूएसडीटी विकण्याआधी

क्रिप्टोच्या ग्रुपवर एखाद्याच्या नावापुढचा रेप पॉइंटचा (रेप म्हणजे रेप्युटेशन, पत) आकडा पाहून तुम्ही त्याला यूएसडीटी हे डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो नाणं विकत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझे २,८४,८०० रुपये त्या आकड्याच्या आडून अडकले आणि ही पद्धत अजून जोरात चालू आहे. ग्रुपचं आणि त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, ते पोलिसांकडच्या तक्रारीत आहे. पद्धत नीट कळली पाहिजे, कारण तीच पद्धत घेऊन उद्या दुसऱ्या नावाने कुणी तुमच्यासमोर येईल.

मी सांगलीला असते, मोबाइल गेमसाठी चित्रं काढते. माझा एक क्लायंट अर्जेंटिनाचा आहे. तिकडे पेसोची किंमत सतत घसरत आल्यामुळे लोक यूएसडीटी सर्रास वापरतात, तसा तोही माझे पैसे यूएसडीटीतच देतो. ते रुपयांत आणायचे तर एक्स्चेंजवर विकायचे किंवा थेट घेणाऱ्याला द्यायचे. थेट विकले की भाव जरा बरा मिळतो. त्यासाठीच एका ओळखीच्या मुलाने मला या मराठी ग्रुपवर घेतलं.

ग्रुप पहिल्या नजरेत फार नेटका वाटला. कुणाचं उत्तर आवडलं की त्याला रिप्लाय देऊन प्लस रेप लिहायचं, बॉट लगेच त्याच्या खात्यात एक पॉइंट जमा करायचा. सौदा झाला की दोघांनी ग्रुपवर ‘डील डन’ लिहून एकमेकांना प्लस रेप द्यायचा. पॉइंट वाढतील तशी नावापुढची पदवी वाढायची, सगळ्यात वरची पदवी ‘भरवशाचा’. नियम वर पिन करून ठेवले होते. रेप मागायचा नाही. तोच प्रश्न परत टाकायचा नाही. मराठी देवनागरीतच लिहायची. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या चॅटचे स्क्रीनशॉट टाकायचे नाहीत. सभासदावर उघड आरोप करायचा नाही, तक्रार असेल तर अ‍ॅडमिनला खासगीत कळवायची. बाकीच्या ग्रुपांवर शिवीगाळ आणि ‘आज काय पंप होणार’ एवढंच चालतं, त्यामुळे हे वाचून मला बरंच वाटलं होतं.

या नियमांत एक गोष्ट आहे ती नीट बघा. प्लस चारचौघांत दिला जातो, मायनस मात्र बंद दाराआड जातो. अशा ठिकाणी कुणाचाही आकडा फक्त वरच चढतो.

ज्याने मला फसवलं त्याला सगळे दादा म्हणायचे. पॉइंटच्या यादीत तो पहिल्या तिघांत असायचा आणि त्यातले बरेचसे पॉइंट त्याने लिहिलेल्या उत्तरांवर मिळालेले होते. उत्तरं खरोखर चांगली असायची. सीड फ्रेज, म्हणजे क्रिप्टोचं पाकीट (वॉलेट) उघडणारे गुप्त शब्द, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, कागदावर लिहा आणि दोन जागी ठेवा, हे त्याने नवख्या मुलांना न कंटाळता समजावलं होतं. यूएसडीटी ज्यांवरून पाठवतात त्यांतल्या ट्रॉन नेटवर्कवर कुणीही ‘यूएसडीटी’ नावाचं खोटं टोकन बनवू शकतो, त्यामुळे नावावर जाऊ नका, कॉन्ट्रॅक्टचा, म्हणजे टोकन ज्या प्रोग्रॅममधून निघतं त्याचा, पत्ता जुळवून पाहा, हेही त्यानेच सांगितलेलं. करावरचं त्याचं टिपण तर ग्रुपवर पिन केलेलं होतं: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, तोटा दुसरीकडे वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विकत घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा. सगळं बरोबर होतं, मी माझ्या सीएकडून पडताळून घेतलं होतं.

त्याच माणसाने माझ्याकडून यूएसडीटी घेताना एकदाही माझा पॅन मागितला नाही. टीडीएस कापायचा आणि भरायचा तर विकणाऱ्याचा पॅन लागतोच. नियम ज्याला तोंडपाठ आहे तो स्वतःच्या सौद्यात तो पाळत नसेल, तर त्याला त्या सौद्याची कागदावर नोंदच नको आहे. आज कुणाशी व्यवहार करायचा झाला तर मी पहिल्यांदा हेच बघते.

आधी त्याच्याशी छोटे व्यवहार झाले, ते अगदी सुरळीत. रुपये त्याच्याच नावाच्या खात्यातून आले. मग ३,२०० यूएसडीटीचा सौदा ठरला, भाव ८९ रुपये, म्हणजे त्या दिवशी इतर जण देत होते त्याहून सव्वा रुपया जास्त. पैसे येण्याच्या जरा आधी त्याचा मेसेज आला, ‘ताई, माझ्या खात्याची आजची लिमिट संपलीय. भाऊ आणि त्याचे पार्टनर टाकतायत. तुम्ही निर्धास्त राहा.’ आयएमपीएसने तीन वेळा रक्कम आली. पाठवणारी तीन नावं वेगवेगळी, तिन्ही खाती वेगळ्या बँकांची, आणि एकाही नावाचं आडनाव त्याच्या आडनावाशी जुळणारं नव्हतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसत होती. मी यूएसडीटी सोडले, ग्रुपवर ‘डील डन’ लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे प्लस रेपही दिला.

त्यानंतरच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर यूपीआय चालेना. बँकेत गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली: खात्यावर लिअन (रक्कम रोखल्याची नोंद), सायबर तक्रार, खाली एक पोचपावती क्रमांक आणि तेलंगणातल्या एका जिल्ह्याचं नाव. फोनाफोनी करून कळलं की तिकडच्या एका निवृत्त गृहस्थांना ‘घरबसल्या टास्क करा’ म्हणत कुणीतरी गंडवलं होतं. त्यांनी ज्या खात्यांत पैसे भरले त्यातलं एक माझं होतं.

ही साखळी समजून घ्या, कारण पैसे प्रत्यक्ष खात्यात येतात म्हणून यात फसणाऱ्याला शेवटपर्यंत शंका येत नाही. ठग एकीकडे कुणालातरी नोकरीचं, शेअरचं नाहीतर टास्कचं आमिष दाखवतो. दुसरीकडे तो तुमच्याशी यूएसडीटीचा सौदा ठरवतो. आमिषाला भुललेल्या माणसाला तो तुमचा खाते क्रमांक देतो आणि पैसे तिथे भरायला सांगतो. तुम्हाला रुपये मिळतात, तुम्ही यूएसडीटी ठगाला देता. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवतो, आणि पैसा ज्या ज्या खात्यातून गेला ती खाती एकामागून एक गोठत जातात. ठगाचं नाव या बँक व्यवहारात कुठेच नसतं. कागदोपत्री त्या गृहस्थांचे पैसे माझ्याकडे आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तक्रार केलीच असती, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. एका माणसाने एकाच फटक्यात आम्हा दोघांना नागवलं.

आता रेपकडे परत येऊ. प्लस रेप देतात रुपये जमा झाले त्या क्षणी, आणि खातं गोठतं काही दिवसांनी, कधी कधी काही महिन्यांनी. तोवर पॉइंट देऊन झालेला असतो आणि बॉटमध्ये तो परत घ्यायची सोय नसते. म्हणजे अशा पद्धतीने कितीही जणांना बुडवलं तरी प्रत्येक बुडालेल्याकडून त्या माणसाला आधी एक प्लस मिळालेलाच असतो.

मी ग्रुपवर जे घडलं ते लिहिलं, तीनही यूटीआर नंबर (बँक व्यवहारांचे क्रमांक) आणि ट्रान्झॅक्शन हॅश (यूएसडीटी पाठवल्याचा क्रमांक) दिले. काही मिनिटांत मेसेज उडवला गेला. कारण दिलं, सभासदावर उघड आरोप. मला म्यूट केलं, माझे पॉइंट शून्यावर आणले. अ‍ॅडमिनला खासगीत सगळे पुरावे पाठवले तर उत्तर आलं, ‘पैसे तुमच्या खात्यात आलेत ना? मग दादांनी त्यांचं काम केलं. पुढचं बँक आणि तुम्ही बघा.’ ग्रुपवर दोन-तीन जणांनी नव्या सभासदांनी शिस्त पाळावी असं लिहिलं, त्यावर धडाधड प्लस रेप पडले. मला मात्र खासगीत मेसेज येऊ लागले. एक नाशिकची मुलगी, एक बेळगावचे गृहस्थ, एक दुबईत नोकरी करणारा कोल्हापूरचा मुलगा. तिघांची गोष्ट तीच, तिघांचीही खाती गोठलेली. प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच बाबतीत घडलंय, कारण पहिल्याची तक्रार दुसऱ्याच्या नजरेला पडूच दिली नव्हती. याचं मला पैशांहून जास्त वाईट वाटतं. नाशिकच्या मुलीचा मेसेज ग्रुपवर राहिला असता तर माझा सौदा झाला नसता.

चॅटचा इतिहास मी आधीच उतरवून ठेवला होता, तो निवांत बसून वाचला. दादाचे व्यवहारातले प्लस देणारी ठरावीक नावं पुन्हा पुन्हा येत होती. त्या नावांनी ग्रुपवर कधी प्रश्न विचारला नव्हता, कधी भाव विचारला नव्हता, ‘डील डन, दादा बेस्ट’ यापलीकडे काही लिहिलंच नव्हतं. अर्थात लेखनावरचे प्लस खरे होते, खऱ्या माणसांनी खऱ्या कौतुकाने दिलेले. माझेही त्यात होते. अवघड भाग तोच आहे. चांगलं समजावून सांगण्याबद्दल मिळालेले पॉइंट आणि पैशाच्या व्यवहारात सचोटी दाखवल्याबद्दलचे पॉइंट एकाच आकड्यात मिसळलेले होते, आणि ‘भरवशाचा’ ही पदवी त्या बेरजेवर ठरत होती.

बिटकॉइनवाल्यांना हा धोका फार आधीपासून ठाऊक आहे. बिटकॉइनचा जनक सातोशी नाकामोतोने सुरू केलेल्या आणि पुढे बिटकॉइनटॉक नावाने ओळखल्या गेलेल्या मंचावर जानेवारी २०१८ मध्ये मेरिट नावाची गुणपद्धत आली. त्याआधी नुसतं नियमित लिहीत राहिलं की पद वाढायचं, म्हणून लोक खाती पिकवायचे आणि विकायचे. मेरिट आल्यावर वरच्या पदासाठी इतरांनी दिलेले गुण लागू लागले, सगळ्यात वरच्या लेजंडरी पदासाठी १,०००. पण ते मेरिट लेखनाच्या दर्जापुरतं. व्यवहाराचा विश्वास तिथे ट्रस्ट या वेगळ्या खात्यात मोजतात आणि त्यात उघड लाल शेरा मारता येतो. आमच्या ग्रुपने पॉइंटची कल्पना उचलली आणि हा फरक सोडून दिला.

हा शहाणपणा त्या मंचालाही सहज आलेला नाही. २०११ आणि २०१२ मध्ये टेक्सासचा ट्रेंडन शेव्हर्स ‘पायरेटॲट४०’ या नावाने तिथे वावरायचा. आठवड्याला ७ टक्क्यांपर्यंत व्याज देतो म्हणत त्याने लाखो बिटकॉइन गोळा केले आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये सगळं कोसळलं. शंका घेणारे तेव्हाही होते. पण हातात वेळेवर व्याज पडत होतं तोवर त्यांचं ऐकलं कोण? २०१६ मध्ये त्याला दीड वर्षाची शिक्षा झाली. आपल्याकडे गेनबिटकॉइन या गुंतवणूक घोटाळ्याच्या वेळीही महिन्याला १० टक्क्यांचं स्वप्न ओळखीतल्या, मानाच्या माणसांच्या तोंडून पसरलं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये त्याचा सूत्रधार अमित भारद्वाजला पकडलं तोवर माणसं नातेवाइकांनाही त्यात ओढून बसली होती.

तुम्ही यूएसडीटी विकत असाल तर पैसे पाठवणाऱ्याचं नाव हीच खरी तपासणी. सौदा ज्याच्याशी ठरला त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे आले पाहिजेत. भाऊ, पार्टनर, बायको, दुकानाचं खातं, काहीही सांगितलं तरी ऐकू नका. वेगळ्या नावाने रक्कम आली तर यूएसडीटी सोडू नका. समोरचा म्हणेल, ‘मग दुसऱ्या खात्यावर परत पाठवा.’ तेही करू नका, नाहीतर साखळीतली पुढची कडी तुमच्या हातून तयार होईल. बँकेला लेखी कळवा, रक्कम आली त्याच खात्यात बँकेमार्फत परत करायला सांगा. बाजारापेक्षा चढा भाव देणारा तो रुपया कुठून भरून काढतो, हा प्रश्न स्वतःला विचारा. ग्रुप बघताना तिथे एखादी तरी उघड तक्रार जिवंत आहे का ते शोधा. इतक्या सौद्यांत एकही तक्रार दिसत नसेल तर ती पुसली जातेय असं खुशाल समजा. आणि शक्य असेल तर सरळ एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची यंत्रणा) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच विका. मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्या आहेत, त्यांना ग्राहकाची ओळख तपासावीच लागते. सव्वा रुपया कमी मिळेल, मिळू द्या.

ज्यांचं खातं आधीच गोठलंय त्यांच्यासाठी. बँकेकडून तक्रारीचा पोचपावती क्रमांक, पोलीस ठाणं आणि नेमकी किती रक्कम रोखली आहे ते लेखी घ्या. वादातली रक्कम सोडून बाकीचं खातं मोकळं करा असा अर्ज द्या. माझी बँक आधी पूर्ण खातं अडवून बसली होती, अर्जानंतर फक्त तेवढ्याच रकमेवर लिअन ठेवला. तपास अधिकाऱ्याला सौद्याचं पूर्ण चॅट, वॉलेटचा पत्ता, हॅश, यूटीआर आणि यूएसडीटी मुळात कुठून आले त्याची बिलं ईमेलने पाठवा. चॅट फोनमध्ये आहे म्हणून गाफील राहू नका, समोरचा दोन्ही बाजूंनी मेसेज पुसू शकतो. स्वतःची वेगळी तक्रारही १९३० वर नोंदवा, नाहीतर कागदावर तुम्ही फक्त संशयित राहता. कुणी ‘अमुक हजार द्या, खातं उघडून देतो’ म्हणत फोन केला तर ठेवून द्या, असे दोन फोन मलाही आले. खातं मोकळं करायला पोलिसांची एनओसी (ना-हरकत पत्र) मिळत नसेल तर त्या हद्दीतल्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे वकिलामार्फत अर्ज करता येतो. माझा अर्ज तिथे दाखल आहे. माझ्यासोबत नाशिक, बेळगाव आणि दुबईच्या तिघांनीही आपापल्या तक्रारींत त्याच एका वॉलेटचा पत्ता नोंदवला आहे. तुमच्या व्यवहारातला पत्ताही तक्रारीत पूर्ण लिहा, पहिली आणि शेवटची चार अक्षरं देऊन थांबू नका. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तक्रारी एकाच माणसाशी जोडायला पोलिसांना तोच पत्ता उपयोगी पडतो.