मर्जरएफएस: लहानमोठ्या डिस्कचा एकच पूल

८ टीबीची एक, ४ टीबीच्या दोन आणि कुठून तरी उरलेली २ टीबीची, अशा विजोड डिस्क एकाच फोल्डरखाली, म्हणजे एका पूलमध्ये, आणायच्या असतील तर लिनक्सवर मर्जरएफएसइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थापकानेही डिस्क एकापुढे एक जोडता येतात, पण तिथे एकच फाइलसिस्टीम (फाइल मांडण्याची व्यवस्था) सगळ्या डिस्कवर पसरते. एक डिस्क गेली की बाकीच्या धडधाकट असूनही डेटा काढणं महाकठीण होतं. मर्जरएफएस आधीच माउंट झालेल्या (फोल्डरला जोडलेल्या) फाइलसिस्टीम फ्यूजच्या (साध्या प्रोग्रॅमला फाइलसिस्टीम चालवू देणारी लिनक्सची सोय) मदतीने एकत्र दाखवतं, एवढंच. प्रत्येक फाइल अखंड एकाच डिस्कवर असते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तर साधी ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) म्हणून उघडते, आणि एखादी मेली तर तिच्यावरच्याच फाइल जातात.

अर्थात वेग एका डिस्कचाच मिळतो, आणि एका डिस्कवर न मावणारी फाइल पूलमध्येही मावत नाही.

मांडणी सोपी आहे. डिस्क एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची यादी) यूयूआयडीने, म्हणजे फाइलसिस्टीमच्या कायम ओळखक्रमांकाने, माउंट करा. एसडीए, एसडीबी ही लिनक्सने दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात. माउंटपॉइंटना, म्हणजे डिस्क जिथे जोडली जाते त्या फोल्डरना, डिस्क१, डिस्क२ अशी नावं दिली की पूलच्या ओळीत नुसतं 'डिस्क' आणि पुढे तारांकन पुरतं. हीच आज्ञा टर्मिनलमध्ये देताना मात्र तारांकन अवतरणात ठेवा, नाहीतर शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) ते आधीच उलगडतं. ईएक्सटी४ रूटसाठी (मुख्य प्रशासकासाठी) ५ टक्के जागा राखून ठेवतं, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर २०० जीबी अडकतात. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर ट्यूनटूएफएस या आज्ञेने हे शून्य करून टाका.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नवी फाइल कुठल्या डिस्कवर जाणार हे ठरवणाऱ्या पॉलिसीत. जुन्या आवृत्त्यांची मूळ पॉलिसी ईपीएमएफएस: ज्या डिस्कवर ते फोल्डर आधीपासून आहे, तिथेच नवी फाइल. 'व्हिडिओ' फोल्डर फक्त डिस्क१ वर असेल तर ती भरल्यावर 'जागा शिल्लक नाही' असा एरर येतो, आणि जागा मोजणारी डीएफ ही आज्ञा मात्र पूलमध्ये कित्येक टीबी मोकळे दाखवते. एमएफएस लावा, सर्वात जास्त मोकळी जागा असलेली डिस्क निवडली जाते. मिनफ्रीस्पेसही वाढवा; डिस्कवर त्याहून कमी जागा उरली की तिथे नवी फाइल जात नाही. ते मूळचं ४ जीबी असतं, आणि फाइल तयार होताना ती किती मोठी होणार हे मर्जरएफएसला कळत नाही. नेहमीच्या सर्वात मोठ्या फाइलपेक्षा हा आकडा मोठा हवा.

दुसरी अडचण लवकर लक्षात येत नाही. बूटच्या वेळी एखादी डिस्क माउंट झाली नाही तर तिचा रिकामा माउंटपॉइंट पूलमध्ये येतो आणि फाइल थेट सिस्टीमच्या डिस्कवर जाऊ लागतात. डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर अधिक-आय (फोल्डर बदलू न देणारी आज्ञा) चालवा, मग तिथे काही लिहिलंच जात नाही.

कॅशे.फाइल्स हा मर्जरएफएसचा पर्याय ऑफ ठेवल्यावर ६.६ च्या आधीच्या लिनक्स कर्नलवर एमएमॅप (फाइल थेट मेमरीत जोडण्याची पद्धत) लागणारे प्रोग्रॅम आणि काही डेटाबेस बिघडतात. डेटाबेस पूलबाहेर ठेवणंच बरं.

मर्जरएफएस म्हणजे रेड (डिस्क मेली तरी डेटा वाचवणारी रचना) नव्हे. संरक्षणासाठी स्नॅपरेड जोडा; ते गेलेल्या फाइल परत उभ्या करण्यापुरती माहिती, म्हणजे पॅरिटी, वेगळ्या डिस्कवर ठेवतं. पॅरिटीची डिस्क डेटाच्या सर्वात मोठ्या डिस्कइतकी किंवा मोठी लागते, आणि ती पूलमध्ये येता कामा नये, म्हणून तिचं नावच वेगळं ठेवा. पॅरिटी सिंक (ताजी) केली तेव्हापुरतीच खरी असते: त्यानंतर फाइल पुसल्या किंवा बदलल्या आणि मग दुसरी डिस्क गेली, तर त्या डिस्कवरच्या काही फाइलही परत मिळत नाहीत. त्यामुळे रोज रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये सिंकआधी डिफ (काय बदललं ते दाखवणारी स्नॅपरेडची आज्ञा) चालवा, आणि पुसलेल्या फाइलची संख्या ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर सिंक थांबवा.