तांब्याचा एनर्जी पिरॅमिड: शोपीस झकास, बॅटरी म्हणून शून्य
ऑनलाइन मागवला, बॉक्सवर लिहिलंय की हा आकार म्हणे वातावरणातली ऊर्जा साठवतो आणि पुढे बॅटऱ्याच लागणार नाहीत. फिनिशिंग एक नंबर, कडा नीट घासलेल्या, कोपऱ्यांचं सोल्डरिंग स्वच्छ, फक्त तळाची पट्टी जरा वाकडी त्यामुळे टेबलावर डगमगतो. आता मेन मुद्दा, मल्टिमीटर लावला तर शून्य, आणि उतरलेला पेन्सिल सेल रात्रभर आत ठेवला तर सकाळी जसाच्या तसा. सोबतच्या पत्रकात चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल ड्रबालचं पेटंट छापलंय, पिरॅमिडखाली दाढीच्या ब्लेडची धार टिकते असं सांगणारं, ते १९५९ चं खरंच आहे, पण पेटंट मिळालं म्हणजे वस्तू चालतेच असं थोडीच असतं!

आणि आकाराला महत्त्व आहेच की, पण ते असं नाही. कपॅसिटरमध्ये, म्हणजे दोन प्लेटांमध्ये वीज साठवणाऱ्या भागात, प्लेटांचं क्षेत्रफळ जास्त आणि मधलं अंतर कमी तेवढा चार्ज जास्त मावतो, म्हणून सुपरकपॅसिटरमध्ये (खूप जास्त वीज मावणाऱ्या कपॅसिटरमध्ये) छिद्राछिद्रांचा कार्बन वापरतात, त्याच्या एका ग्रॅममध्ये हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असू शकतो. मेदूवड्यासारख्या गाभ्यावर तार गुंडाळली की चुंबकीय क्षेत्र बरंचसं आतच राहतं. पण या सगळ्यात वीज आधी बाहेरून भरावी लागते राव, हे बॉक्सवर कोण लिहिणार. थ्रीडी प्रिंट केलेल्या जाळीदार इलेक्ट्रोडवर, म्हणजे बॅटरीत वीज जिथून आत-बाहेर जाते त्या भागावर, संशोधन चालू आहे, मला त्यात जास्त दम वाटतो.

शोपीस म्हणून पाचपैकी तीन स्टार, गिफ्ट द्यायचाच तर सेलमध्ये घ्या.