व्हिनिअर सांगून मेटलच्या कॅप बसवल्या, फायनल फिटिंगच्या आधी हे वाचा

समोरच्या दातांना व्हिनिअर (दाताच्या फक्त समोरून चिकटवायचा पातळ थर) नाहीतर कॅप (पूर्ण दात झाकणारी टोपी) बसवायचं चाललं असेल तर शेवटपर्यंत वाचा, आणि घरात लग्न असेल तर नक्कीच वाचा, कारण तारीख जवळ आलेल्या माणसाला चौकशी करायला वेळ नसतो आणि समोरच्याला ते बरोबर कळतं.

माझ्या धाकट्या बहिणीचे वरचे समोरचे चार दात. त्यातल्या एकाचं रूट कॅनल झालेलं, तो काळपट पडलेला, बाकी तिन्ही एकदम चांगले, नुसत्या थोड्या फटी. सोलापुरातल्याच एका क्लिनिकमध्ये (प्रकरण चालू आहे म्हणून नाव लिहित नाही) सांगितलं की ई-मॅक्सचे (हे एका सिरॅमिकचं नाव) व्हिनिअर करू, एका दाताचे 12,000, म्हणजे चार दातांचे 48,000. पप्पांनी रोख दिले, बिलावर नुसतं 'डेंटल ट्रीटमेंट' एवढंच. भूल दिली, दात घासले, टेम्पररी लावले, आणि पुढच्या वेळी तोंडात कापूस असतानाच सिमेंट लावून बसवूनपण टाकले. बसवायच्या आधी तिच्या हातात काहीच दिलं नाही.

लग्नाच्या फोटोत ते चार दात पांढरेफटक, जीव नसल्यासारखे दिसत होते, पण तेव्हा आम्हाला वाटलं फ्लॅशमुळे असेल. मग हळूहळू हिरडीजवळ करडी रेघ दिसायला लागली, हिरडी लाल राहायला लागली. आणि एक दिवस शेंगाचटणीबरोबर कडक भाकरी खाताना एका दाताचा टवका उडाला आणि आतून चकचकीत धातू दिसला. क्लिनिकला फोन केला तर म्हणाले, अहो मेटलचा बेस सगळ्यांनाच असतो, आणि कडक भाकरी कशाला खायची.

हे साफ खोटं आहे. ई-मॅक्स म्हणजे लिथियम डायसिलिकेट, काचेच्या जातीचं सिरॅमिक, त्यात धातूचा बेस नसतोच. दुसऱ्या डॉक्टरांनी (एमडीएस, प्रोस्थोवाले, म्हणजे कॅप-कवळीचं खास शिक्षण घेतलेले) दातांच्या मागून लाइट धरून दाखवला, शेजारच्या खऱ्या दातातून उजेड आरपार येत होता आणि या चारांतून अजिबात नाही. ते म्हणाले ही व्हिनिअर नाहीतच, चारही बाजूंनी दात घासून मेटल सिरॅमिकच्या (आत धातू, वर सिरॅमिक) कॅप घातल्यात. हिरडी निकेलमुळेच लाल आहे असं त्यांनी छातीठोक सांगितलं नाही, कॅपची कड नीट बसली नसेल तरी तसं होतं म्हणाले, पण या स्वस्त धातूत बऱ्याचदा निकेल असतं, त्यामुळे खोट्या कानातल्यांनी ज्यांना खाज सुटते त्यांनी हे आधीच सांगायला पाहिजे.

पैशापेक्षा मला राग याचा आहे की व्हिनिअरला दात फक्त समोरून घासतात, साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर, आणि मेटल सिरॅमिक कॅपला सगळीकडून, समोरून तर दीड मिलिमीटरच्या आसपास. इनॅमल परत येत नाही. म्हणजे एकवीशीतल्या पोरीचे तीन धडधाकट दात आता जन्मभर कॅपवरच राहणार.

मेटल सिरॅमिक वाईट असतं असं नाही हां, माझ्या आईच्या दाढेला तीच आहे, कित्येक वर्षं छान चाललीय आणि स्वस्तात झाली. पण ते सांगून द्या ना. तसंच 'झिर्कोनिया सगळ्यात मजबूत, तेच घ्या' हेपण पूर्ण खरं नाही. साधा झिर्कोनिया (तेही एक सिरॅमिकच) 1000 मेगापास्कलच्या (मजबुती मोजायचं एकक) वर जातो, ई-मॅक्स 400 ते 500, आणि जुन्या पद्धतीचं फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन 100 च्या आसपास, पण जो जितका मजबूत तो साधारण तितका कमी पारदर्शक, म्हणून दाढेला एक चांगलं आणि समोर दुसरं. आणि काळपट दातावर पातळ पारदर्शक व्हिनिअर लावलं तर आतला काळा रंग बाहेर दिसतो, म्हणजे त्या एका दाताला कॅप लागलीही असती, पण तेही कोणी बोललं नाही.

आता काम कुठंही करा, सात रस्त्याला करा नाहीतर जुळे सोलापुरात, बिलावर मटेरियलचं नाव आणि दातांचे डॉक्टर वापरतात ते नंबर लिहून घ्या (आमच्या समोरच्या चार दातांचे 12, 11, 21, 22), व्हिनिअर की कॅप तेपण. चांगल्या कंपनीच्या झिर्कोनिया आणि ई-मॅक्सबरोबर लॅबकडून बऱ्याचदा वॉरंटी कार्ड येतं, पेशंटचं नाव आणि कोड असलेलं, तो कोड कंपनीच्या साइटवर तुम्ही स्वतः टाकून बघा. सिमेंट लावायच्या आधी कॅप हातात मागा आणि आतून बघा, करडा धातू दिसला तर तिथंच थांबवा. एकदा पक्की बसली की कापूनच काढावी लागते.

आमच्याकडं क्लिनिकनं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं 'ई-मॅक्स व्हिनिअर 4' असं एस्टिमेट होतं, आता तोच मोठा पुरावा आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत, फोटो आणि तुटलेला टवका ठेवलाय. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षांची आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडंही अर्ज दिलाय. आधी कोणाशी तरी बोलायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

ज्यांचं आत्ता टेम्पररीवर चालू आहे आणि फायनल फिटिंग बाकी आहे, त्यांनी आजच फोन करून कार्ड आलंय का विचारा.